आधी सोड, मग ये

सरकारी इस्पितळांच्या सर्जरी वॉर्डात एक नोंद वर्षानुवर्षे त्याच शब्दात होत आली आहे : ‘डामा’. डॉक्टरांचा सल्ला न जुमानता रुग्ण निघून गेला, एवढाच तिचा अर्थ. मांडीत पू साठलेला, तापाने फणफणलेला, रुळांच्या कडेला राहणारा माणूस सोमवारी संध्याकाळी दाखल होतो. मंगळवारी सकाळपासून त्याची चुळबुळ सुरू होते, आणि बुधवारच्या राउंडला खाट रिकामी असते. केसपेपरवर शिक्का पडतो आणि वॉर्डात एक वाक्य ऐकू येते, ‘गर्दुल्ले असेच.’

या वेळापत्रकात गूढ काहीच नाही. गर्दचा, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या ब्राउन शुगरचा, असर काही तासच टिकतो. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत नाक आणि डोळे गळू लागतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो. मग पोटात मुरडा, जुलाब, उलट्या आणि कुणीतरी आतून हाडे पिळत असल्यासारखी कळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे टोकाला जाते, पुढे आठवडा-दहा दिवसांत ओसरते. रस्त्यावर याला ‘टर्की’ म्हणतात. सोमवारी दाखल झालेला माणूस बुधवारी पळतो, कारण बुधवारी टर्की टोकाला पोचलेली असते. पळून तो पुडीकडे जातो, पू घेऊनच. दोन आठवड्यांनी परत येतो तेव्हा पाय वाचवता येईल की नाही याची चर्चा सुरू झालेली असते.

दमेकऱ्याचा पंप काढून घेऊन त्याला ‘आता गप पडून राहा’ असे कोणी सांगत नाही. इथे मात्र नेमके तेच होते, आणि वर दोष रुग्णाच्या स्वभावावर जातो. मुंबई शहराच्या आरोग्यव्यवस्थेकडे नशा करणाऱ्यांसाठी एकच अट आहे : आधी सोड, मग ये. ही अट उलटी करायला हवी. आज तू जसा आहेस तसा ये, आज जेवढे नुकसान टाळता येईल तेवढे टाळू; सोडायचे की नाही, कधी सोडायचे, हे मग बोलू. जगभर याला हार्म रिडक्शन म्हणतात. मराठीत ‘हानी-न्यूनीकरण’ हा शब्द सरकारी कागदावर शोभतो, पण औषधाच्या खिडकीपाशी उभ्या माणसाला ‘नुकसान कमी करणे’ हेच कळेल. कल्पना मात्र काल-परवाची नाही. ॲमस्टरडॅममध्ये १९८४ साली सुया बदलून देण्याची व्यवस्था उभी राहिली ती नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने, हेपॅटायटिस बी रोखण्यासाठी.

वॉर्डात करायचे काय, ते आधी नेमके सांगायला हवे, कारण ‘सहानुभूती बाळगा’ एवढ्याने खाटा भरलेल्या राहत नाहीत. औषधाचे नाव ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची छोटी गोळी, ०.४ आणि २ मिलिग्रॅमची. मेंदूत गर्द ज्या जागी जाऊन बसते त्याच जागी हे औषध बसते, पण तिथला दिवा अर्ध्यावरच लावते : टर्की थांबते, झिंग फारशी येत नाही, आणि डोस वाढवत नेला तरी एका टप्प्यापुढे श्वास आणखी मंदावत नाही. एकदा घेतले की साधारण दिवसभर पुरते.

सुरुवात करताना घाई नडते. गर्द अजून अंगात असताना ही गोळी दिली तर ती गर्दला त्या जागेवरून ढकलून देते आणि अर्ध्या-एक तासात टर्की अचानक उसळते. असे झालेला रुग्ण पुन्हा त्या गोळीला हात लावत नाही, आणि चार मित्रांनाही लावू देत नाही. म्हणून शेवटच्या पुडीनंतर किमान आठ-बारा तास थांबायचे आणि घड्याळापेक्षा अंगाकडे पाहायचे : बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत का, काटा आला आहे का, नाक वाहते आहे का. ‘ढोंग करतोय’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट : विव्हळण्याचे सोंग आणता येते, बाहुल्या मोठ्या करण्याचे आणि काटा आणण्याचे येत नाही. लक्षणे स्पष्ट दिसली की २ ते ४ मिलिग्रॅम, एक-दोन तास निरीक्षण, गरज असेल तर तेवढेच पुन्हा. पहिल्या दिवशी साधारण ८ मिलिग्रॅमपर्यंत जाता येते. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळायला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ पाणी नाही, बोलणे नाही. गिळली तर बहुतेक वाया गेली.

आणखी एक चूक जिवावर बेतते. शहरातले बरेच जण गर्दच्या जोडीला ‘बटण’, म्हणजे नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या, किंवा दारू घेतात. गर्दची टर्की माणसाला मेटाकुटीला आणते, पण एरवी धडधाकट माणसाचा जीव सहसा घेत नाही. बटण किंवा दारू अचानक थांबली तर मात्र फिट येऊ शकते आणि त्यात माणूस दगावू शकतो. त्यामुळे दाखल करतानाच ‘अजून काय घेतोस, किती घेतोस’ हे विचारून त्या गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवाव्या लागतात. हा प्रश्न पोलिसी सुरात विचारला तर उत्तर खोटे मिळते, आणि खोट्या उत्तरावर ठरलेला डोस धोक्याचा असतो. वॉर्डातल्या ‘अरे-तुरे’चा संबंध फक्त सभ्यतेशी नाही, तो असा थेट औषधाच्या मात्रेशी आहे.

वेदनेचेही तसेच. हा आधीच नशा करतो, याला कशाला दुखण्याचे इंजेक्शन, असा हिशेब चालतो. वास्तविक वर्षानुवर्षे अफूजन्य पदार्थ घेतलेल्या शरीराला वेदना कमी नाही, जास्त जाणवते आणि नेहमीचा डोस तोकडा पडतो. ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्या रुग्णाचे ऑपरेशन असेल तर ते बंद करण्याचे कारण नाही. तोच दिवसाचा डोस तीन-चार भागांत विभागून दिला तर वेदनेवरही उतारा पडतो, वर लागेल तसे दुसरे वेदनाशामक द्यावे.

सर्जनांच्या कामाचीही एक गोष्ट आहे. हातावरच्या शिरा निकामी झाल्या की माणूस जांघेत टोचू लागतो. तिथली गाठ दरवेळी पुवाचीच असते असे नाही, शेजारच्या धमनीला भोक पडून रक्ताचा फुगा झालेला असू शकतो. जांघेतल्या गाठीवर सुरी लावण्याआधी हात ठेवून ठोका लागतो का ते पाहावे, आणि डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केल्याशिवाय कापू नये. गर्दीच्या कॅज्युअल्टीत ‘गर्दुल्ला, ॲब्सेस, काप’ ही साखळी फार वेगाने पुढे सरकते.

हे सगळे माहीत असूनही वॉर्डात गोळी का नसते? कारण हा माणूस तीन मंत्रालयांत वाटला गेला आहे. सुया आणि ब्युप्रेनॉर्फिनचा मुख्य कार्यक्रम आरोग्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडे, व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, आणि पकडण्याचे काम पोलिसांचे, म्हणजे गृहखात्याचे. महापालिकेचे इस्पितळ यातल्या कुणाचेच नाही. ओएसटी, म्हणजे पर्यायी औषधोपचार, राष्ट्रीय एड्स कार्यक्रमात आला तो तिसऱ्या टप्प्यात, २००७ नंतर. पैसा एड्सचा असल्याने निकषही एड्सचाच : टोचणाऱ्याला प्रवेश. ते त्या वेळी रास्तच होते. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. टोचून नशा करणाऱ्यांमध्ये २०२१च्या पाहणीत ते ९ टक्क्यांच्या घरात होते.

पण निकषाचा परिणाम पाहा. मुंबईत पन्नीवर गर्द ‘चेस’ करणारे पुष्कळ आहेत. धूर ओढणाऱ्याला सुईची जोखीम नाही म्हणून तो कार्यक्रमाच्या बाहेर. उद्या पुडी महागली, तेवढ्याच पैशात जास्त असर हवा म्हणून त्याने सुई धरली, की तो पात्र ठरतो. औषध मिळावे म्हणून आधी आजार वाढवून ये, असेच हे झाले. अलीकडे सामाजिक न्याय मंत्रालयाने काही सरकारी इस्पितळांत व्यसनोपचार सुविधा सुरू केल्या आहेत आणि तिथे ही अट नाही, हे चांगले आहे. मात्र देशाचा आवाका लक्षात घ्या. एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थांमुळे उपचारांची गरज असलेल्यांची संख्या ७७ लाखांच्या आसपास होती, टोचणारे साडेआठ लाख. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांतल्या एकालाच कधीतरी इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळाले होते.

महाराष्ट्रात या चर्चेला एक वेगळी अडचण आहे, आणि ती आपल्या चांगुलपणातून आलेली आहे. ऐंशीच्या दशकात गर्दने मुंबई-पुण्याला विळखा घातला तेव्हा अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. हजारो घरे त्यातून सावरली. त्यामुळे मराठी माणसाच्या मनात या प्रश्नाचे एकच चित्र पक्के बसले : माणूस दाखल होतो, पूर्ण सोडतो, परत माणसात येतो. चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. ज्याला घर आहे, वाट पाहणारी बायको किंवा आई आहे, फी भरणारा भाऊ आहे, त्याच्यासाठी ते जास्त खरे आहे. मशीद बंदरच्या पुलाखाली झोपणारा महिनाभर कोरडा राहून परत त्याच पुलाखाली जातो, तेव्हा पुढे काय, याचे उत्तर त्या चित्रात नाही.

उलट एक धोका त्यात दडलेला आहे. महिनाभर गर्द बंद राहिली की शरीराची सवय उतरते. बाहेर पडल्यावर पाय घसरला आणि माणसाने जुन्या हिशेबाने तेवढीच मात्रा घेतली, तर आता ती प्राणघातक ठरू शकते. जेलमधून सुटलेल्यांचे तेच. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. दिल्लीच्या तिहारमध्ये कैद्यांना पर्यायी औषध देण्याचा प्रयोग झालेला आहे. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे होते : ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्यांत दर हजारी वर्षाला सुमारे ४ मृत्यू, सोडलेल्यांत सुमारे साडेनऊ. मेथाडोन या दुसऱ्या पर्यायी औषधाच्या बाबतीत ११ विरुद्ध ३६. म्हणजे उपचार संपणे हीच धोक्याची घटना आहे. ‘किती दिवसांत गोळी बंद करणार?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. डॉक्टरने तो रक्तदाबाच्या गोळीइतक्याच शांतपणे टोलवायला हवा.

म्हणूनच व्यसनमुक्ती केंद्र आणि नुकसान कमी करण्याचा मार्ग यांच्यात भांडण लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक केंद्राने घरी सोडताना रुग्णाला आणि त्याच्या माणसांना दोन गोष्टी द्याव्यात : सवय उतरल्याची स्पष्ट ताकीद, आणि नॅलोक्सोन कुठे मिळेल, कसे द्यायचे याची माहिती.

नॅलोक्सोन हे गर्दच्या अतिमात्रेवरचे उतारा-औषध. १ मिलिलिटरच्या ॲम्प्युलमध्ये ०.४ मिलिग्रॅम. माणूस हलवूनही उठत नाही, घशातून घरघर येते, ओठ निळे पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तेव्हा १०८ला फोन करायचा, मान मागे करून श्वासमार्ग मोकळा करायचा, दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडाने द्यायचा आणि औषध मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूत टोचायचे. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरे. मग कुशीवर निजवायचे. आणि थांबायचे, हे सर्वांत महत्त्वाचे, कारण औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि गर्द अजून अंगात असते. शुद्धीवर आला म्हणून सोडून दिलेला माणूस तासाभराने पुन्हा निळा पडू शकतो.

या औषधाची नशा होत नाही, गर्द न घेतलेल्याला चुकून टोचले तर काही बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्येच सांगितले, की अतिमात्रा डोळ्यांसमोर घडण्याची शक्यता ज्यांच्या बाबतीत आहे त्या सर्वांना ते मिळावे, म्हणजे मित्र, नातेवाईक, फिरते कार्यकर्ते. आपल्याकडे ते चिठ्ठीवरचे इंजेक्शन आहे आणि बहुतेक वेळा भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कपाटात असते. पुलाखाली मात्र अजून मिठाचे पाणी टोचणे, थोबाडीत मारणे, बर्फ लावणे असेच उपाय चालतात. आणि त्याहून जास्त चालतो तो पळ काढणे, कारण फोन केला तर पोलीस येतील ही भीती. नॅलोक्सोन दिल्यावर रुग्णाला एकदम टर्की लागते, तो चिडतो, शिव्या घालतो. जीव वाचवणाऱ्याला हे आधी सांगून ठेवले नाही तर तो पुढच्या वेळी कचरतो.

आता सुईकडे. ‘सुया वाटता म्हणजे नशेला उत्तेजन देता’ हा आक्षेप सगळ्यात जुना. सुयांअभावी कोणी नशा थांबवल्याचे दिसत नाही, माणूस दुसऱ्याची सुई घेतो एवढेच. सुया मिळाल्या म्हणून नशा वाढल्याचेही अभ्यासांत आढळलेले नाही. त्यापेक्षा चांगला प्रश्न असा, की कोणती सिरिंज, आणि किती.

सुई वेगळी काढता येणाऱ्या सिरिंजमध्ये दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुडाशी पोकळी उरते आणि तिच्यात रक्त राहते. सुई जोडूनच आलेल्या इन्सुलिनसारख्या सिरिंजमध्ये ही पोकळी नावापुरती असते. धुतल्यानंतरचे मोजमाप झाले तेव्हा पहिल्या प्रकारात उरणारे द्रव दुसऱ्याच्या कित्येक पट निघाले. हेपॅटायटिस सीचा विषाणू अशा सिरिंजमध्ये प्रयोगशाळेत कित्येक आठवडे तग धरून राहिल्याचे दिसले आहे. तेव्हा कमी पोकळीच्या सिरिंज द्याव्यात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२पासून सांगितले आहे. अडचण अशी, की बारीक सुई खोल शिरेपर्यंत पोचत नाही आणि जांघेत टोचणारा ती नाकारतो. त्याला लांब सुई पण कमी पोकळीचा नमुना लागतो. खरेदीच्या निविदेत फक्त ‘सिरिंज, २ मिलि’ लिहिले की हे सगळे ज्ञान तिथेच संपते.

आणि किती? दिवसाला तीनदा टोचणाऱ्याला वर्षाला हजारावर सिरिंज लागतात. जागतिक उद्दिष्ट २०३०पर्यंत माणशी ३०० आहे, म्हणजे तेही गरजेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. ‘जुनी आण, तरच नवी’ ही अट कागदावर शिस्तीची वाटते, पण जुनी सुई खिशात बाळगली की पोलिसांच्या हातात पुरावा सापडतो. म्हणून लोक ती फेकतात, आणि मग रुळांवर सुया पडतात म्हणून वस्ती ओरडते. परतीचा आग्रह जरूर धरावा, पण नवी सुई त्यावर अडवू नये. परत आलेल्या सुया जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे पांढऱ्या, टोक आरपार जाणार नाही अशा डब्यात जायला हव्यात. शौचालयांच्या आणि पुलांच्या कडेला असे बंद डबे बसवणे हे महापालिकेच्या घनकचरा खात्याचे काम आहे, स्वयंसेवी संस्थेचे नव्हे. वस्तीतल्या तक्रारींना हेच खरे उत्तर.

हेपॅटायटिस सीचा उल्लेख झाला म्हणून थोडे त्याविषयी. हा आजार आता बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर फुकट मिळतात. साधारण १२ आठवडे गोळ्या, आणि दहातले नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. ‘नशा सुटल्याशिवाय औषध वाया जाईल’ असे म्हणून रुग्णाला परत पाठवणे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. टोचणाऱ्या एका माणसाचा विषाणू संपला म्हणजे त्याच्या टोळक्यातली पुढची साखळी तुटली. ओएसटीच्या खिडकीवरच ही गोळी दिली तर जास्तीची फेरीही वाचते.

मुंबईसाठी मात्र सगळ्यात मोठा विषय क्षयरोग आहे, आणि दोन खात्यांनी एकमेकांशी न बोलण्याची किंमत इथे सर्वांत ठळक दिसते. क्षयाच्या पहिल्या फळीतले औषध रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधे भराभर जाळायला लावते. ब्युप्रेनॉर्फिनचे रक्तातले प्रमाण त्यामुळे सुमारे ७० टक्क्यांनी घसरल्याचे अभ्यासात दिसले आहे. मेथाडोनचेही तसेच. हा परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाही, एक-दोन आठवडे लागतात. तोवर रुग्ण क्षयाच्या गोळ्या नियमित घेत असतो. मग अचानक रोज संध्याकाळी टर्की लागू लागते. तो स्वतःचा निष्कर्ष काढतो : या लाल गोळ्यांनी मला त्रास होतो. तो क्षयाच्या गोळ्या सोडतो. क्षय केंद्राच्या नोंदीत ‘उपचार अर्धवट सोडले’, ओएसटी केंद्राच्या नोंदीत ‘पुन्हा गर्दकडे वळला’. दोन्ही नोंदी खऱ्या, आणि दोन्हीतून मूळ कारण गायब. अर्धवट सोडलेल्या क्षयाचे पुढे काय होते, हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या शहराला सांगायची गरज नसावी.

उपाय अवघड नाही. रिफाम्पिसिन सुरू होताच ओएसटी डॉक्टरला कळवावे, दुसऱ्या आठवड्यापासून डोस लक्षणे पाहून वाढवावा, आणि सहा महिन्यांनी क्षयाचे औषध संपले की तो पुन्हा उतरवावा. हे शेवटचे विसरले तर वाढलेला डोस अंगावर येतो. सोफोसबुव्हिरही रिफाम्पिसिनबरोबर चालत नाही, म्हणून आधी क्षय, मग हेपॅटायटिस. दोन्ही गोळ्या एकाच खिडकीवर, एकाच वेळी, डोळ्यांसमोर दिल्या तर यातले निम्मे घोटाळे होणारच नाहीत. डॉट्सची, म्हणजे क्षयाची गोळी डोळ्यांसमोर देण्याची, सवय आपल्या दवाखान्यांना कित्येक वर्षांची आहे, नवे काही शिकवावे लागत नाही.

रोजच्या खिडकीचाच प्रश्न पुढे येतो. ब्युप्रेनॉर्फिन काळ्या बाजारात जाते, ते विरघळवून टोचलेही जाते, ही भीती निराधार नाही. म्हणून गोळी कुटून, जिभेखाली, नजरेसमोर देण्याची पद्धत आली. पण हमाली करणारा, कचरा वेचणारा, नाक्यावर कामाची वाट पाहणारा माणूस रोज सकाळी अकराला खिडकीवर कसा येणार? आला तर त्या दिवसाची मजुरी गेली, मजुरी धरली तर गोळी गेली. एक दिवस चुकला की टर्की, टर्की लागली की पुडी. २०२०च्या लॉकडाउनमध्ये नाइलाजाने घरी न्यायच्या गोळ्या देण्याची मुभा मिळाली. जे तेव्हा नाइलाजाने केले ते आता विचारपूर्वक करावे. पहिले काही आठवडे रोज नजरेसमोर. मग स्थिर झालेल्याला तीन-चार दिवसांच्या, पुढे आठवड्याच्या. ज्याला झोपायला जागाच नाही, गोळ्या चोरीला जातात, त्याला रोजचीच, पण त्याच्या वेळेला. महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडे असतात. मानखुर्द-कुर्ल्याच्या माणसाला मोठ्या इस्पितळापर्यंत आणण्यापेक्षा गोळी तिथे नेणे सोपे आहे.

बायकांचे काय, हा प्रश्न चर्चेत नेहमी शेवटी येतो. इथेही उशिराच आला, हे कबूल करू. पुरुषांनी भरलेल्या केंद्रात बाई पाऊल ठेवत नाही. तिला गोळी सूतिकागृहातल्या ओपीडीत मिळायला हवी. गरोदरपणात गर्द एकदम तोडायला लावणे घातक ठरू शकते, स्थिर डोसवर ठेवणे आई आणि बाळ दोघांसाठी बरे. बाळाला जन्मानंतर काही दिवस टर्कीची लक्षणे दिसू शकतात, त्यावर उपचार आहेत, आणि आईने स्तनपान थांबवण्याचे कारण नाही.

हे सगळे अफूजन्य पदार्थांपुरते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ज्याचा फेब्रुवारी २०१५मध्ये अमली पदार्थ कायद्यात समावेश झाला, त्यावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध नाही. तिथे कॅज्युअल्टीने अंग गार करावे, सलाइन लावावे, घाबरलेल्या माणसाला बांधून न घालता शांत करणारी औषधे द्यावीत, आणि छातीत दुखते म्हटले की वय पाहून हसण्यावारी न नेता ईसीजी काढावा.

कायदा आडवा येतो, असे सांगितले जाते. तो येतो त्यापेक्षा जास्त त्याचा बाऊ होतो. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थ, कायद्यात कलम २७खाली गर्द सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे : सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वखुशीने सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या इस्पितळात उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. स्थानिक प्राधिकरण म्हणजे महापालिका आलीच. गोम पुढच्या परंतुकात आहे : उपचार पूर्ण न केल्यास हे संरक्षण काढून घेता येते. जो उपचार वर्षानुवर्षे चालायचा तो ‘पूर्ण’ कधी होणार? चालू असलेला ओएसटी म्हणजे उपचार चालू, असे स्पष्ट परिपत्रक निघायला हवे. २०१४च्या दुरुस्तीने व्यसनींच्या उपचारासोबत ‘व्यवस्थापन’ हा शब्द कायद्यात घातला, त्याचा आधार इथे घेता येतो. सुया वाटणाऱ्या कार्यकर्त्यासाठी तर २०१७च्या एचआयव्ही कायद्याचे कलम २२ पुरेसे आहे. १० सप्टेंबर २०१८पासून ते लागू आहे आणि त्याखालच्या उदाहरणांत सुईबदल आणि ओएसटी या दोन्हींचा समावेश आहे. हे कलम रेल्वे पोलिसांच्या ठाण्यात भिंतीवर मराठीत लावावे, इतके ते कमी ठाऊक आहे.

महापालिकेला यासाठी नवे इस्पितळ बांधायचे नाही. प्रत्येक मोठ्या इस्पितळात ब्युप्रेनॉर्फिन देऊ शकणारे मानसोपचार खाते आहे, पण ते ओपीडीच्या वेळेत. हे औषध मान्यताप्राप्त व्यसनोपचार केंद्रांनाच पुरवले जाते, म्हणून साठा त्या खात्याच्या कपाटात, नोंदवहीसह, कुलपात. सोमवारी संध्याकाळी सात वाजता दाखल झालेल्या माणसाची टर्की मंगळवारच्या ओपीडीची वाट पाहत नाही, आणि मंगळवारी सुट्टी असेल तर बुधवारचीही. त्यामुळे मागणी अगदी लहान आहे : रात्रपाळीच्या मेडिकल ऑफिसरला पहिले तीन डोस सुरू करण्याचा लेखी अधिकार, सर्जरी आणि मेडिसीन वॉर्डांसाठी एक पानी मराठी सूचना, कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत नॅलोक्सोनच्या चार ॲम्प्युल, आणि कपाटाच्या किल्लीची दुसरी प्रत रात्रीच्या सिस्टर-इनचार्जकडे, सही करून.